तात्कालिक कारण

दुकानदाराने ती थाळी तराजूत टाकली आणि म्हणाला, "ताई, हे पितळ नाही, कासं आहे, याचा भाव वेगळा धरतो." मी तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. गावचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं, भावाभावांत भांड्यांच्या वाटण्या झाल्या होत्या आणि कुणालाच नको असलेली चेपलेली घंगाळं, बूड गेलेले तांबे, कान तुटलेल्या पराती अशी दोन पोती मोडीत घालायचं काम माझ्याकडे आलं होतं कारण गाडी माझ्याकडे होती. मी मान वर केली तर त्या घंगाळांच्या ढिगात तळहाताएवढी गोल चकती, त्यावर उभी बाई, तिच्या पायाशी सिंह. माझ्या तोंडून एकदम निघालं, "ती नको, ती काढा." दुकानदाराने दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, जरा निरखून बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, "देव आहे का?" आणि मी हो म्हणाले. खरं काय ते मला माहीत होतं तरी हो म्हणाले. सातारा सुटून वडूजचा रस्ता लागेपर्यंत ती चकती बाजूच्या सीटवर होती आणि माझ्या डोक्यात तेच चाललेलं, की मी हो का म्हणाले.

आमच्या लहानपणी ती देवच होती. देव्हाऱ्यात पालीच्या खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि एका अंगाला भिंतीला टेकून ही सिंहवाली. हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात हार धरलेला, पायाशी सिंह, मग ती भवानी नाही तर कोण? नवरात्रात तिला हळदकुंकू लागायचं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून ती लख्ख व्हायची. चिंचेचा तो आंबट वास, राखेने काळी झालेली बोटं आणि चुलीपुढच्या उजेडात चकतीचा लालसर पिवळा रंग, हे सगळं मला आत्ता डोळे मिटले तरी दिसतं. कडेने इंग्रजी अक्षरं होती पण देवाच्या अंगावर काय लिहिलंय ते कोण वाचायला जातंय. माझा मोठा चुलतभाऊ पाचवीत इंग्रजी शिकायला लागला आणि त्याने एक एक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर." घरात अर्थ कुणाला लागेना. मग वडील म्हणाले, हे तुझ्या पणजोबांचं आहे, ते बसऱ्याच्या लढाईत गेले त्याचं बक्षीस सरकारने दिलंय.

खूप पुढे मला कळलं की पहिल्या महायुद्धात मेलेल्या साम्राज्याच्या प्रत्येक सैनिकाच्या घरी अशी एक चकती गेली होती, तेरा लाखांच्या वर काढल्या होत्या, आणि ती बाई ब्रिटानिया आहे, म्हणजे साक्षात ब्रिटनच. आमच्या घराने सत्तर-ऐंशी वर्षं तिला कुंकू लावलं.

शाळेत असताना इतिहासाच्या पेपरला प्रश्न आला होता, पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. मी धडाधड लिहिलं. आक्रमक राष्ट्रवाद, साम्राज्यवादी स्पर्धा, गुप्त करार, शस्त्रास्त्रस्पर्धा, बर्लिन-बगदाद रेल्वे आणि मग वेगळं शीर्षक देऊन, खाली दोन रेघा मारून, तात्कालिक कारण. २८ जून १९१४, साराजेवो, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको यांचा गॅव्रिलो प्रिन्सिपने केलेला खून. सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला होता. मी घरी येऊन दप्तर टाकलं, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, त्यात त्या चकतीलाही केला आणि जेवायला बसले. त्या उत्तराचा आणि या चकतीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि आता या वयात मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पणजोबा का गेले हे आत्याला माहीत आहे. आत्या ऐंशीच्या पुढे आहे आणि पणजीच्या कुशीत झोपून वाढलेली आहे, पणजीला ती थोरली आई म्हणते. तिच्या सांगण्याप्रमाणे पणजोबा पलटणीत गेले ते बैलामुळे. आमचा माण-खटावचा भाग म्हणजे पाऊस कधी येतो, कधी वरच्यावर डोंगरावरून निघून जातो. घरची जमीन थोडी, भाऊ तिघं, त्यातच एका उन्हाळ्यात जोडीतला एक बैल बसला तो उठलाच नाही. बैलासाठी सावकार, सावकारासाठी जमीन, हे चक्र सुरू व्हायच्या आत एका भावाने रोकडा आणायला पाहिजे होता आणि पलटणीत महिन्याला ११ रुपये मिळायचे. त्यावेळी युद्धाचं कुठे नावही नव्हतं. आमच्याकडे अजून लोक छाती फुगवून सांगतात की सातारा म्हणजे रक्तातच लढाई, आणि इंग्रजांनीही 'लढवय्या जाती' म्हणून याद्याच करून ठेवल्या होत्या. मला ते ऐकवत नाही. रक्तात लढाई असती तर ती कृष्णाकाठच्या बागायतदाराच्या रक्तातही तेवढीच निघाली असती. भरती जास्त कुठून झाली ते कोरड्या विहिरींच्या हिशेबाने बघा, पटेल.

म्हणजे आमच्या घरातलं तात्कालिक कारण एक बैल.

आणि मग ती दोन कारणं, साराजेवोतली गोळी आणि वडूजकडचा बैल, एकमेकांना भेटली कुठे? तर तेलात. हे मला कुठल्याच शाळेत कुणी सांगितलं नाही. १९०८ मध्ये इराणात तेल लागलं, आबादानला रिफायनरी उभी राहिली, ब्रिटिश आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर जायला लागली आणि १९१४ मध्ये, युद्ध पेटायच्या जरा आधी, ब्रिटिश सरकारने त्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे अर्ध्याहून जास्त शेअर विकत घेतले. आबादानच्या शेजारी शत-अल-अरब नदी आणि नदीपलीकडे तुर्कांचा मुलूख. तुर्क जर्मनीच्या बाजूने जाणार असं दिसायला लागल्यावर ती विहीर, ती पाईपलाईन आणि ती रिफायनरी सांभाळायला कुणाला पाठवायचं? इंग्लंडची माणसं फ्रान्समध्ये लागणार होती. मग पुणे डिव्हिजन निघाली. त्यातली पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून बोटीत बसली, त्यात ११७ वी मराठा पलटण होती आणि त्यात आमचे पणजोबा. ६ नोव्हेंबरला ती त्या नदीच्या मुखाशी फावला उतरली, दोन-अडीच आठवड्यांत बसरा घेतलं, म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. तेलाचं काम खरं तर तिथेच झालं होतं. पण नदीच्या वर पुढे कुर्ना गाव, पुढे अमारा, पुढे कूत, आणि मग वरच्या साहेबांना बगदाद दिसायला लागलं. जिंकत चाललोय तर थांबायचं कशाला, एवढ्याच हिशेबावर हजारो माणसं नदीच्या वर वर नेली, मागे बोटी पुरेशा नाहीत, औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला काही पलटणी निम्म्या कापल्या गेल्या आणि जखमींना उघड्या बोटींवर लादून दोन-दोन आठवडे खाली बसऱ्याकडे आणलं. एका बोटीबद्दल तिथल्या डॉक्टरने नंतर चौकशीत सांगितलंय की लांबून बघताना त्याला वाटलं बोटीच्या कडेला दोरखंड लोंबतायत, जवळ आल्यावर कळलं की ती कठड्यावरून ओघळून वाळलेली माणसांची घाण आहे. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पणजोबा त्या बोटीत नव्हते. ते कूतमध्ये अडकले.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने. नदीच्या वळणात मातीच्या घरांचं एक गाव, बाहेर तुर्कांचा वेढा, आत सैनिक आणि गावकरी. आधी भाजी संपली, मग पीठ कमी कमी होत गेलं, मग घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. महिनोन् महिने. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, बंदूक उचलवेना तरी नकार. भारतातून धर्मगुरूंचे निरोप मागवले की आपद्धर्म म्हणून चालेल, तरी बरेचजण एप्रिल उजाडेपर्यंत खात नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटलंय, अंधश्रद्धा म्हटलंय. मी त्यावर खूप दिवस विचार केला. आमचं कुलदैवत खंडोबा, त्याच्या टाकावर तो घोड्यावर बसलेला, जेजुरीला जाणारा प्रत्येक माणूस त्या घोड्याच्या पायावर भंडारा टाकतो. त्याही पलीकडे त्यांना भीती होती ती परत गेल्यावरची. गावाला कळलं तर पंगतीत बसू देणार नाहीत, लेकीबाळींची लग्नं होणार नाहीत. म्हणजे बघा, मरणाच्या दारात बसलेला माणूस स्वतःच्या पोटाचा नाही, तर अजून जन्मलेलीसुद्धा नाही अशा लेकीच्या लग्नाचा विचार करत होता. याला कुणी अडाणीपणा म्हटलं की माझ्या अंगाची आग होते. पणजोबांनी शेवटी खाल्लं की नाही ते मला माहीत नाही. खाल्लं असेल तर बरं झालं असं वाटतं आणि नसेल तर तेही मला समजतं.

त्यांना सोडवायला जे सैन्य खालून येत होतं त्यातले सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले, आणि आत होते सुमारे १३ हजार. ही वजाबाकी कुणी केली असेल का त्या वेळी? शेवटी शरणागती. सेनापती टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं आणि शिपायांना चालवलं. मे-जूनच्या उन्हात, वाळवंटातून, बगदाद, समारा, मोसूल आणि पुढे रास अल-ऐन. तिथे जे जिवंत पोचले त्यांच्याकडून कोणतं काम करून घेतलं? रेल्वेचं. बर्लिन-बगदाद रेल्वेचं.

हे जेव्हा मी वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून कितीतरी वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझ्या पेपरातलं पाचवं कारण. ज्या रेल्वेमुळे युद्ध पेटलं असं मी सुंदर अक्षरात लिहून मार्क मिळवले होते, त्याच रेल्वेचे रूळ सातारा-रत्नागिरीची उपाशी माणसं उचलत होती. त्यात आमच्या घरातलं एक माणूस असेलही, किंवा त्या आधीच्या वाटेवर कुठेतरी पडलं असेल.

इकडे गावात काय चाललं होतं ते आत्याकडे तुकड्यातुकड्यांत आहे. पणजोबा बोटीत बसले तेव्हा पणजी गरोदर होती, वय सतरा-अठरा. माझे आजोबा जन्मल्याचं कार्ड बसऱ्याला पोचलं आणि त्याचं उत्तरही आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. एकदा खजुराची पिशवी आली, सुट्टीवर आलेल्या गावच्याच कुणाबरोबर पाठवलेली. मग १९१५ चा दसरा झाला आणि कागद यायचे बंद झाले. सरकारने कळवलं की पत्ता लागत नाही. मेला असं नाही, आहे असंही नाही. पत्ता लागत नाही. आता पत्ता न लागणाऱ्या माणसाच्या बायकोने काय करायचं? तिला सवाष्ण म्हणायचं की नाही? सासू म्हणायची कुंकू लाव, जाऊ म्हणायची हिला ओटी भरायला कशाला बोलावता, कुणी देवऋषी सांगायचा जिता आहे, कुणी कौल लावून सांगायचं गेला. चार-साडेचार वर्षं ती बाई रोज सकाळी आरशासमोर बसून ठरवायची की मी कोण आहे. मी त्या युद्धाबद्दल आता बरंच वाचलंय, पण त्या आरशाइतकं काहीच मला टोचत नाही.

आणि सगळं महाग झालं होतं. आत्याला थोरल्या आईने सांगितलेलं एवढंच, की रॉकेल मिळेना म्हणून संध्याकाळी दिवस बुडायच्या आत जेवायचे आणि लुगडं इतकं महागलं की दोन जावांत बाहेर जायचं एकच धड लुगडं होतं. १९१८ ला पाऊस नाही आणि त्याच वर्षी मानमोडी. इन्फ्लुएन्झा, पण आमच्याकडे मानमोडीच म्हणतात, एकदम मान टाकायची माणसं. जूनमध्ये मुंबईच्या बंदरात उतरली, युद्धाच्या बोटींबरोबर, आणि दसरा-दिवाळीत खेड्यापाड्यांत पोचली. देशात सव्वा कोटीच्या पुढे माणसं गेली असं मानतात. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकच दशक आहे ज्यात आपली लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली. आमच्या घरातून आठ दिवसांत तीन गेले, सासू, जाऊ आणि जावेचं तान्हं. म्हणजे जी कुंकू लाव म्हणायची ती गेली आणि जी लावू नको म्हणायची तीही गेली. पणजी उरली, आजोबा उरले आणि ते एक लुगडं उरलं.

लढाईत मेलेले भारतीय सुमारे ७४ हजार, असं पुस्तकात असतं. मला तो आकडा नेहमी अपुरा वाटतो. मानमोडीतले त्यात कुणी धरत नाही.

वरती मात्र त्या सगळ्यातून बरंच काही घडत होतं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या या लढाईच्या, गोंधळाची लंडनमध्ये चौकशी झाली, १९१७ मध्ये भारतमंत्री चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला, त्याच्या जागी माँटेग्यू आला आणि ऑगस्टमध्ये त्याने टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ म्हणून जाहीर केलं. टिळक म्हणत होते की भरती करा पण मग आमच्या पोरांना अधिकारीही करा, स्वराज्य द्या, आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलूच दिलं नाही. माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये सरकारला महार पलटणीची आठवण झाली, ज्यांची भरती पंचवीस वर्षांपूर्वी बंद केली होती, १११ वी महार म्हणून उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज होती तेव्हा हात पुढे आणि काम झाल्यावर परत गावकुसाबाहेर. आमच्याकडे अपशिंग्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्या एका गावातले ४६ जण या युद्धात गेले, तिथे स्मारक आहे, गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. अभिमानाची गोष्ट आहे, मीही तिथे हात जोडून आले. पण तिथे उभं राहून मला सारखं वाटत होतं की एका गावातली ४६ घरं, म्हणजे ४६ आरसे.

चकती आली ती १९२० च्या सुमाराला, जाड कागदाच्या पाकिटात, पोस्टमनबरोबर. पाटलाला बोलावून कागद वाचून घेतला. आत्या सांगते की थोरली आई काहीच बोलली नाही. आत गेली, पाट्यावर स्वतःच्या हाताने बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि ती चकती घेऊन देव्हाऱ्यात ठेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं तिथे ठेव म्हणून. तिला त्यातली बाई देवी वाटली की नवऱ्याचं काहीतरी ठेवायला घरात तेवढीच एक जागा होती, हे आता कळायचं नाही. पुढची पन्नासहून जास्त वर्षं ती प्रत्येक दसऱ्याला चिंच आणि राखेने ती घासत राहिली. त्या चकतीवर सिंहाच्या वर एक छोटा चौकोन असतो, त्यात मेलेल्याचं नाव उठावात असतं, हुद्दा नाही, फक्त नाव. आमच्या चकतीवर तो चौकोन गुळगुळीत आहे. बोट फिरवलं तर दोन-तीन ठिकाणी किंचित उंचवटा लागतो, तेवढाच. घासून घासून तिनेच ते नाव पुसलं, आणि तिला ते वाचताही येत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मी इंटरनेटवर शोधलं. बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उभारलं, चाळीस हजारांवर माणसांसाठी, ज्यांची कबर माहीत नाही अशा. पण त्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. अमुक पलटण, इतके. पुढे १९९७ मध्ये सद्दामच्या सरकारने ते सगळं उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली, अहवाल काढला. आता त्यांच्या साईटवर नावं आहेत. मी पणजोबांचं नाव टाकलं, तर त्याच नावाची कितीतरी माणसं. गावांची नावं इंग्रजाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली, बापाचं नाव कुठे आहे कुठे नाही. त्यातले दोन ११७ व्या पलटणीचे, दोघेही साताऱ्याचे. एक आमचा असेल, दुसरा कुणा दुसऱ्याचा. मी दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

तर त्या दिवशी मोडीच्या दुकानातून मी थेट आत्याकडे गेले. चकती तिच्या मांडीवर ठेवली. भांड्यांच्या पोत्यात कशी गेली म्हणून ती आधी आम्हा सगळ्यांवर भडकली, बरोबरच होतं तिचं. मग पदराने पुसत बसली. मी तिला दुकानदाराचं सांगितलं, की तो विचारत होता देव आहे का आणि मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग काय म्हननार हुतीस?" थोडा वेळ गप्प बसून मी विचारलं, थोरली आई कधी पणजोबांचं नाव घ्यायची का गं? बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्या काळी, हाक मारायला सुद्धा नाही, मला वाटलं नाहीच म्हणेल. तर आत्या हसली. म्हणाली, एकदाच घेतलेलं, लढाई चालू असताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सासूनं हट्टानं घ्यायला लावलेलं, ते तिने मला म्हातारपणी सांगितलं, अंधारात, दिवा घालवल्यावर. ती संक्रांत १९१७ ची, म्हणजे पणजोबा बहुतेक तेव्हा या जगात नसतीलच. मी म्हटलं, मला सांग. आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू चार बायका समोर बसल्यात, चकती दोन्ही हातांत धरली आणि घासलेल्या चौकोनावर अंगठा ठेवून बारीक आवाजात म्हणाली,

"खजूर आला बसऱ्याचा, बोट लागली बंदराला..."

आणि पुढच्या ओळीत, कुंकवाच्या आधी, तिने नाव घेतलं.